एका काठाचं पाणी

सडेतळ, जि. सिंधुदुर्ग
३ डिसेंबर २०२३

ती. मामाजी,
वाकून नमस्कार.

परवा आत्याबाईंनी फोन तुमच्या कानाला लावला. तुम्ही तीनदा "कोण?" म्हणालात आणि फोन दामिनीकडे दिलात. म्हणून लिहिते. इथंही फोनसाठी टेकडी चढावी लागते आणि वर गेल्यावर अर्धे शब्द गळतात. पत्र तुम्हीच वाचा. दामिनीला दिलंत तर ती मोठ्यानं वाचेल आणि सगळं पुनर्वसनाचं गाव ऐकेल.

आम्ही नीट पोचलो. इथं रस्ता येत नाही. खाडी होडीनं ओलांडायची, मग सुरूच्या झाडांतून चालायचं. झाडं संपली की वाळू, आणि वाळू संपली की समुद्र. झाडांखाली तंबू आहेत. पुण्या-मुंबईचे लोक येतात, दोन-तीन दिवस राहतात. दामिनीचे बाबा म्हणतात, "घरी पलंग असून लोक पैसे देऊन खाली झोपतात." पण त्यांना लोक आवडतात. लोकांनाही ते आवडतात. हे तंबू चालवणाऱ्या धनंजयदादांनी गोसी धरणाच्या पाण्यावर त्यांना डोंगा चालवताना पाहिलं आणि कामावर बोलावलं, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. इथल्या होड्या प्लॅस्टिकच्या आहेत, लाल-पिवळ्या. त्यांनाही ते डोंगाच म्हणतात. आता पाहुणेही म्हणायला लागले.

माझ्याकडे स्वयंपाक आहे. कामाला आणखी एक बाई आहे, ती नारळाशिवाय काही करत नाही.

सकाळी उठलं की तंबूंच्या भोवती कोल्ह्यांची पावलं असतात. रात्री येऊन सगळं हुंगून जातात. सुरूच्या शेंड्यावर एक पांढऱ्या पोटाचा मोठा गरुड बसतो. इथले लोक त्याला काकण म्हणतात. खाडीत पाणमांजरं आहेत. आईच्या मागे पिल्लं रांगेनं जातात. तुम्ही असता तर पाहत बसला असता आणि जाळं तसंच राहिलं असतं.

एक गोष्ट तुम्हाला नवी वाटेल. इथलं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. सकाळी ज्या खडकावर मी कपडे वाळत घालते, तो दुपारी दिसत नाही.

दामिनीला सांगा, शाळा बुडवायची नाही.

तुमची सून,
ज्योत्सना


पिंपळघाट (पुनर्वसन), ता. पवनी, जि. भंडारा
१५ डिसेंबर २०२३

सौ. ज्योत्सना,
तुले अना चंदनले आशीर्वाद.

पोट्टी शाळेत गेल्यावर वाचलं. दोनदा वाचलं.

पाणी चढते अना उतरते म्हणते. म्हणजे तिथं बी धरण आहे. गेट कोण उघडते, ते विचारून ठेवजो. आमच्या इकडे गेट उघडायच्या आधी भोंगा वाजवतात. मले तो ऐकू येत नाही. तुझी आत्याबाई धावत येते अना हात धरून मले वर ओढते. सारे हासतात. तुमच्या इकडे भोंगा आहे का नाही?

पाणमांजराचं वाचून बरं वाटलं. जुन्या गावात होते. डोहात. पाणी भरलं तसे गेले.

चंदनले सांगजो, नवं पाणी आहे. आपलं समजू नको. पण भिऊ बी नको. त्याले म्या पोहायले शिकवलं तेव्हा जे सांगितलं, तेच. धारेशी भांडाचं नाही. उताणं पडाचं. धार नेईल तिकडे जाचं. नदी कुठं ना कुठं वळते, वळली का काठ देते. भांडणारा बुडते, पडून राहणारा घरी येते. त्याले पाठ आहे, पण तू वाचून दाखवजो.

दामिनी बरी आहे. दोन वेण्या घालून मागते. तुझ्या आत्याबाईले एकच जमते.

मुरारी


सडेतळ
१९ जानेवारी २०२४

ती. मामाजी,
नमस्कार.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. गेटचं वाचलं तेव्हा हातातली बादली खाली ठेवून हसले. पाहुण्यांनाही सांगितलं. मग त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, "बाबाले लिहून दे, गेट नाही. चंद्र ओढते म्हणतात. मले बी पटत नाही, पण धनंजयदादा शिकलेले आहेत." आणि म्हणाले, "हे बी लिहून दे का इथं एकच काठ आहे. दुसरा कुठं आहे, ते कोणालेच दिसत नाही."

पोहण्याचं वाचलं तेव्हा हसले नाहीत. मान हलवली.

आता कासवांचे दिवस आहेत. रात्री कासवी वर येते, वाळूत खड्डा करते, अंडी घालते, झाकते आणि जाते. पुन्हा पाहायला येत नाही. कोल्हे अंडी उकरतात, म्हणून आम्ही ती उचलून जाळीच्या आत पुरतो. अंडं फिरवायचं नाही, जसं होतं तसंच ठेवायचं. दामिनीच्या बाबांचा हात फार हलका आहे. धनंजयदादा हे काम त्यांच्याशिवाय कुणाला देत नाहीत. पिल्लं बाहेर आली की सकाळी वाळूवर सोडतात. ती आपोआप पाण्याकडे जातात. त्यांना कुणी सांगत नाही.

त्यांच्या मनात आहे की मे महिन्यात तुम्हा तिघांना इकडे आणायचं. म्हणतात, "बुढ्याले पाण्यात उभं करतो. एक घोट घेईल अना थुंकेल, मंग म्हणेल, याच्यात मासा जगते तरी कसा?"

तुम्ही याल ना? आत्याबाई घर सोडत नाहीत, पण दामिनीनं हट्ट धरला तर येतील.

ज्योत्सना


पिंपळघाट (पुनर्वसन)
४ मार्च २०२४

ज्योत्सना,
आशीर्वाद.

तू आली, तेरवी झाली, तू गेली. चंदनचं शरीर मिळालं नाही म्हणून पळसाच्या पानांचा चंदन केला. त्याले माझ्याच हातानं आग दिली. पानं ओली होती. लवकर धरलं नाही.

तू परत काहून गेली, असं लोक विचारतात. मी म्हणतो, तिथं काम आहे. तुझी आत्याबाई म्हणते, ती किनाऱ्यावर वाट पाहून राहिली. मले दोन्ही बरोबर वाटते.

तू इथं होती तेव्हा मले एक विचाराचं होतं. विचारलं नाही. मले ऐकू येत नाही. मी विचारलं असतं तर तुले ओरडून सांगावं लागलं असतं, अना घर लोकांनी भरलं होतं. अशी गोष्ट ओरडून सांगाची नसते.

आता विचारतो.

धनंजय भाऊ आले होते, त्यांनी माझ्या पुतण्याजवळ, निकेशजवळ सांगितलं अना निकेशनं मले पाटीवर लिहून दाखवलं. एक कासव तुटक्या जाळ्यात अडकलं होतं. खाडीच्या तोंडाशी. चंदन डोंगा घेऊन सोडवायले गेला. वाकला, डोंगा उलटला. एवढं मले माहीत आहे.

उलटल्यावर काय झालं? तू काठावर होती म्हणतात. त्यानं पाण्यात काय केलं? तो भांडला का?

एवढंच सांगजो.

मुरारी


सडेतळ
१४ मार्च २०२४

ती. मामाजी,

तुमचं पत्र मिळालं.

हो, मी वाळूवर होते. ते भांडले. हात मारत राहिले. काठाकडे यायला खूप झटले. पाणी फार होतं. मी ओरडले. धनंजयदादा मोठी होडी घेऊन गेले. तोवर दिसेनासे झाले होते.

याहून जास्त मला सांगता येणार नाही.

इथं काम चालू आहे. नव्या पाहुण्यांना कुणी काही सांगत नाही. ते विचारतात, होडीवाला कुठे आहे? धनंजयदादा म्हणतात, या वर्षी होड्या बंद. होड्या सुरूच्या झाडाला साखळीनं बांधून ठेवल्या आहेत. अंड्यांचं काम आता माझ्याकडे आहे. दामिनीच्या बाबांनी पुरलेली अंडी फुटू लागली आहेत. काल पिल्लं सोडली. एक उलट दिशेनं चाललं होतं, झाडांकडे. त्याला उचलून वळवलं तर ते पुन्हा वळलं. तीनदा वळवलं. चौथ्यांदा गेलं.

दामिनीच्या पायाला काटा लागला होता, तो निघाला का? आत्याबाईंना सांगा, जेवत जा.

ज्योत्सना


पिंपळघाट (पुनर्वसन)
२८ मार्च २०२४

ज्योत्सना,

भांडला.

मले हे माहीत नव्हतं. मले वाटलं होतं तू लिहिशील, डोक्याले मार लागला, पायात दोर अडकला, काहीतरी. ढिवराचा पोट्टा पाण्याशी भांडून मेला, हे मले मनातच आलं नव्हतं.

तुझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. पुनर्वसन झालं नव्हतं. वैनगंगेले पूर होता. चंदन अकरा-बारा वर्षांचा. बाभळीचं लाकूड वाहत आलं, ते धराले हा पाण्यात गेला. लाकडानं याले मधात ओढून नेलं. तुझी आत्याबाई काठावर छाती बडवून राहिली. मी म्हणलो, बडवू नको, पोट्टा पाह्य. पोट्टा उताणा पडला होता. आभाळ पाहत गेला. आम्ही काठाकाठानं धावत गेलो. दोन गावं खाली नदी वळली, तिथं हा मोहाच्या झाडाखाली बसला होता. मले म्हणते, "बाबा, उशीर काहून केला? भूक लागली."

असा पोट्टा होता. तो काहून भांडला? कोणाले पाहून भांडला? शहरातल्या लोकांत राहून तसाच झाला. रंगीत डोंग्यात बसला अना बापानं सांगितलेलं पुसलं गेलं. मी तुले डिसेंबरात लिहून बी दिलं होतं. तू वाचून दाखवलं म्हणते. मान हालवली म्हणते. निव्वळ मान हालवली.

म्या त्याचं जाळं शेजारच्या बाबूलालले देऊन टाकलं. नवं होतं. खुंटीवर लटकलेलं मले पाहवत नव्हतं. तुझी आत्याबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बोलली तरी मले ऐकू येणार नाही, पण आता ती तोंड बी हालवत नाही.

काटा निघाला.

मुरारी


सडेतळ
१० एप्रिल २०२४

ती. मामाजी,

जाळं का दिलंत? त्या जाळ्याच्या गाठी त्यांनी स्वतः मारल्या होत्या.

त्यांचा दोष नव्हता. एवढंच लिहिते. रागावू नका. त्यांच्यावर नको, आणि आत्याबाईंवरही नको.

दुसरी गोष्ट. मे अखेर तंबू उतरवतात. पावसाळ्यात इथं कुणी राहत नाही. धनंजयदादांनी विचारलं, पाऊसभर थांबून सामान सांभाळशील का, पुढंही काम तुझंच. पक्की खोली आहे. खाडीपलीकडे शाळा आहे. मी हो म्हटलं. तुम्हाला न विचारता म्हटलं, त्याची क्षमा करा. पिंपळघाटला मी काय करणार? तिथं माझ्याकडे सगळे एकाच नजरेनं बघतात. इथं मला कामाला हाक मारतात.

दामिनीला घेऊन जायला मी जूनमध्ये येईन. ती तुमची आहे, तशी माझीही आहे. तुम्हा दोघांना घर रिकामं वाटेल, हे मला कळतं. सुट्टीत पाठवीन. तुम्ही नको म्हणालात तर मी काय करीन, मला माहीत नाही.

ज्योत्सना


पिंपळघाट (पुनर्वसन)
२२ एप्रिल २०२४

ज्योत्सना,
आशीर्वाद.

पोर मायजवळ असावी. मी नको काहून म्हणू? तुझी आत्याबाई रडली, मंग तिनंच दामिनीचे फ्राक वेगळे काढून ठेवले.

पण पोर आता समुद्राजवळ राहायले जाऊन राहिली. एकदा एक गेला. म्हणून म्या तिले शिकवाले घेतलं. रोज सकाळी नेतो. पाणी उतरलं आहे, बुडालेल्या जुन्या गावच्या देवळाची पायरी दिसते. कालव्याच्या तोंडाशी थोडी धार आहे, तिथं नेतो. पोट्टी हुशार आहे. बापाले महिना लागला होता, हिले आठवडा. पाण्यावर अशी पडते का जसं घोंगडं टाकलं.

मी तिले विचारतो, "धार आली तर काय करशीन?"

"उताणी पडीन."

"अना मंग?"

"काठ येईल."

"नाही आला तर?"

"आबाजी, येतेच. तुमीच सांगता."

"अना तुझ्या बापानं काय केलं?"

"भांडले."

"तू?"

"मी नाही भांडत."

तिले हे पक्कं बसलं. शेजारच्या पोरींले बी सांगते, माझे बाबा विसरले होते, मी नाही विसरत. तू आता बेफिकीर राहजो. समुद्र असो का तलाव, पोट्टी घाबरणार नाही.

जूनमध्ये येजो. मी वाट पाहतो.

मुरारी


सडेतळ
१ मे २०२४

ती. मामाजी,

तिला पाण्यात नेणं आधी थांबवा. मग हे पत्र पुढं वाचा.

मी तुम्हाला खोटं लिहिलं. ते भांडले नाहीत.

डोंगा उलटला तेव्हा ते लांब नव्हते. मला चेहरा दिसत होता. कासवाच्या गळ्यातलं जाळं कापून झालं होतं, कासव निघून गेलं होतं. ते पाण्यावर आले, तोंडावरून हात फिरवला, डोंग्याकडे पाहिलं. डोंगा पुढं निघाला होता. ओहोटी होती. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्या तोंडातून समुद्रात जातं. त्यांनी डोंग्याचा नाद सोडला आणि उताणे पडले. तुम्ही शिकवलं तसे. अगदी तसे. एक हात वर केला आणि ओरडून म्हणाले, "भात टाक, येतो."

मी ऐकलं. मला भीती वाटली नाही. मीही नदीकाठचीच. माझ्या भावांना मी असंच वाहत जाताना आणि चालत परत येताना पाहिलं आहे. मला वाटलं, पुढं कुठंतरी वळतील, लागतील, वाळूवरून चालत येतील. मी आत गेले. तांदूळ धुतले. धनंजयदादा तंबूपाशी होते, मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही. भात झाल्यावर बाहेर आले.

वळण नव्हतं, मामाजी. त्या धारेला पुढं काठच नाही. ती आत घेऊन जाते आणि सोडते तिथं चारी बाजूंना पाणी असतं.

तुम्ही विचारलंत तेव्हा मी ठरवलं की हे तुम्हाला कळू द्यायचं नाही. तुम्ही त्यांच्यावर रागावलात, जाळं दिलंत, तरी मी गप्प राहिले. मला वाटलं, रागावर माणूस जगतो. हे कळल्यावर तुम्ही कशावर जगाल, ते मला सुचेना.

पण दामिनी इथं येणार आहे. तिला धार लागली तर ती उताणी पडेल आणि काठाची वाट पाहील. तिच्या बाबांसारखी. न घाबरता.

म्हणून लिहिलं. मला दुसरा मार्ग दिसला नाही.

ज्योत्सना


पिंपळघाट (पुनर्वसन)
२५ मे २०२४

ज्योत्सना,

तुझं पत्र येऊन लगीत दिवस झाले. लिहायले बसलो, उठलो. असं झालं.

बाबूलालकडे गेलो. जाळं मागितलं. त्यानं वापरलं होतं, एका जागी फाटलं होतं. काही न विचारता दिलं. फाटलेलं मी विणलं. माझ्या गाठी अना त्याच्या गाठी वेगळ्या दिसतात.

तुझ्या आत्याबाईले पत्र वाचता येत नाही. मी तिले वाचून दाखवलं. सारं. ती उठली अना तिनं माझ्यासाठी पाणी आणलं.

दामिनीले पत्र नाही दाखवलं, पण सांगितलं. म्हणलो, "तुझा बाप भांडला नव्हता."

ती म्हणे, "मंग बुडाले कसे?"

म्हणलो, "माझं ऐकलं म्हणून."

ती उठली. मंग माझ्या तोंडासमोर येऊन, मले दिसावं असं हळूहळू ओठ हालवून म्हणाली, "आबाजी, तुमी समुद्र पाह्यलाच नाही ना."

तिनं हे काहून म्हणलं, मले समजते. सहा-सात वर्षांची पोर मले सांभाळून राहिली. मले ते सोसत नाही.

आता तू एक करजो. तिथं धार लागली तर माणसानं काय कराचं, ते तिथल्या लोकांले विचारून मले नीट लिहून पाठवजो. तू शिकवशीन हे मले माहीत आहे. पण तिच्या अंगात जे बसलं, ते म्या बसवलं. ते म्याच काढाले पायजे. मी जिवंत आहो तोवर.

तू येशीन त्याच्या आधी पाठवजो.

मुरारी


सडेतळ
३० मे २०२४

ती. मामाजी,

विचारलं. खाडीपलीकडच्या म्हाताऱ्या नाखव्याला विचारलं, धनंजयदादांनाही. दोघं एकच सांगतात.

धार आत ओढायला लागली की सरळ काठाकडे यायचं नाही. दमून माणूस संपतो. पडूनही राहायचं नाही. आडवं जायचं. काठ ज्या बाजूला आहे त्या बाजूला नाही, काठाच्या बरोबरीनं, उजवीकडे किंवा डावीकडे. धार अरुंद असते. थोडं आडवं गेलं की ती सोडते. सोडली की अंगाला कळतं. मग काठाकडे वळायचं. आणि सुरुवातीलाच जायचं, वाट पाहायची नाही. हात वर करून ओरडायचं. ओरडण्यात लाज नाही.

एवढंच आहे.

शेवटचे तंबू काल उतरवले. झाडांखाली चौकोन राहिले होते, गवत न उगवलेले. कोल्हे आता दिवसाही फिरतात. कासवांची जाळी रिकामी झाली, मी ती गुंडाळून ठेवली.

मी बारा जूनला नागपूरला उतरेन. तिथून पवनीच्या गाडीनं येते. निकेश भाऊजींना फाट्यावर पाठवू नका, मी येईन चालत.

मामाजी, तुम्ही शिकवलं ते खोटं नव्हतं. माझे भाऊ त्याच्यावरच जगले.

ज्योत्सना


पिंपळघाट (पुनर्वसन)
८ जून २०२४

ज्योत्सना,
आशीर्वाद.

हे पत्र तुले मिळेल का तू निघून गेली असशीन, माहीत नाही. तरी लिहितो. तू आली का घरात लोक असतील.

इथं आता धार नाही. कालवा बंद आहे. पाणी एका जागी उभं आहे. धार नाही तर शिकवू कसं? दोन दिवस मी विचार करत बसलो. मंग डोंग्याचा लांब दोर घेतला. एक टोक दामिनीच्या कमरेले बांधलं, दुसरं माझ्या हातात. तिले छातीएवढ्या पाण्यात उभं केलं. मी डोंग्यात बसून आत गेलो अना म्हणलो, "मी समुद्र आहो. मी तुले ओढतो."

ती हासली. "आबाजी, समुद्राले मिशा आहेत."

ओढलं. पहिल्या वेळी ती सरळ काठाकडे गेली. पोट्टी ताकदीची आहे. पण मी म्हातारा असलो तरी डोंगा भारी असते. दमली. मी दोर ढिला केला अना म्हणलो, असं नाही.

दुसऱ्या वेळी ओढलं, तर ती उताणी पडली. जुनं अंगात बसलं होतं. मले वाटलं, तिले थांबवावं. पण थांबवलं नाही. तिले समजलं पायजे, असं मनात आलं. मी ओढत गेलो. ती पडून होती. डोळे मिटले होते. तोंडावर काही भेव नाही. काठ दूर गेला, देवळाची पायरी दूर गेली, ती तशीच. मले तिचा चेहरा दिसत होता. मी पाहत होतो, ज्योत्सना. तो असाच गेला. मी म्हणत होतो, ऊठ, ऊठ. तोंडातून आवाज निघाला का नाही, ते मले समजलं नाही.

मंग तिनंच डोळे उघडले. आजूबाजूले पाह्यलं. काठ कुठं आहे ते पाह्यलं. मंग वळली अना आडवी गेली. उजव्या बाजूले. मी ओढत होतो, तरी गेली. हात मारत, तोंड वर करून. ओरडत बी असावी, तिचं तोंड उघडं होतं.

मी दोर सोडला.

ती काठाले लागली अना वर चढली. दोर पाण्यावर तसाच पसरून राहिला. तो गोळा कराले मले उशीर लागला.

मुरारी